स्मृतीची उजळणी



नंदुरबार नगरीच्या माणिक चौकातून जाताना हुतात्मा शिरीषकुमारांच्या स्मारकापाशी पाऊल क्षणभर थबकते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, 'चले जाव'च्या घोषणेला महिना होत असताना, या गावातील विद्यार्थी तिरंगा घेऊन निघाले. पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा या पाच कोवळ्या जीवांनी देह ठेवला. दरवर्षी त्या दिवशी गाव त्यांचे स्मरण करते. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. अशा वयाच्या वृद्धाला दुपारच्या जेवणात कोणती भाजी होती हे संध्याकाळी सांगता येत नाही. पण बालपणीच्या अशा एखाद्या दिवसाविषयी विचारले, तर गल्लीचे वळण, बंद झालेली दारे, आईने हात धरून आत ओढल्याची घाई, हे सारे तो काल घडल्यासारखे सांगतो. घरातील तरुण मंडळींना याचे आश्चर्य वाटते आणि क्वचित संशयही येतो, की सोयीचे तेवढेच यांना आठवते!

हा संशय अन्यायकारक आहे. स्मृती म्हणजे काय, ती मेंदूत कशी घडते आणि उतारवयात नेमके काय क्षीण होते, हे समजून घेतले म्हणजे घरातील वृद्धांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ज्या जिल्ह्यात ज्ञानाचा फार मोठा भाग आजही ग्रंथांत नसून माणसांच्या कंठात आहे, तेथे तर हा विषय केवळ वैद्यकाचा राहत नाही.

'साठी बुद्धी नाठी'

मराठीत 'साठी बुद्धी नाठी' अशी म्हण आहे. म्हणींमध्ये पिढ्यांचा अनुभव असतो हे खरे. पण ही म्हण एका मोठ्या गैरसमजावर उभी आहे. स्मृती ही एकसंध वस्तू असून ती वयाबरोबर तेल संपत आलेल्या दिव्याप्रमाणे सारखी मंदावत जाते, असे ती गृहीत धरते. वास्तविक स्मृतीचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांचे आयुष्यही वेगवेगळे आहे.

आपल्या परंपरेने स्मृतीचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत स्मृतीला स्थान दिले आणि अनुभवलेला विषय निसटू न देणे हे तिचे लक्षण सांगितले. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतीचा भ्रंश झाल्यावर बुद्धीचा नाश होतो, असा क्रम आला आहे. आधुनिक विज्ञानाने याच विषयाला प्रयोगशाळेत नेले आणि स्मृतीचे घर आतून दाखविले.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्याचे अपस्माराचे झटके आवरेनासे झाले होते. झटके थांबावेत म्हणून शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील काही भाग काढला. त्यात 'हिप्पोकॅम्पस' या अवयवाचा मोठा अंश होता. कानशिलाच्या आत खोलवर असलेला हा वळणदार अवयव समुद्रघोड्याच्या आकाराचा दिसतो, म्हणून त्याला हे ग्रीक नाव पडले. झटके कमी झाले. पण त्यानंतर त्या तरुणाच्या मनात नवी आठवण रुजेना. भेटून गेलेला माणूस काही मिनिटांनी परत आला, तर तो त्याला नवखा वाटे. मात्र बालपणाच्या गोष्टी तो सांगू शकत असे. त्याहून विलक्षण गोष्ट मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांना आढळली. आरशात पाहून आकृती गिरवण्याचे अवघड काम तो दिवसेंदिवस अधिक सफाईने करू लागला; पण आपण हे काम पूर्वी केले आहे, याची त्याला आठवणच नसे! २००८ साली त्याचा मृत्यू झाला, तोवर अर्धशतकाहून अधिक काळ विज्ञान त्याच्याकडून शिकत राहिले.

या एका माणसामुळे कळले, की घडलेल्या प्रसंगांची आठवण, शब्द आणि अर्थ यांचे ज्ञान, आणि हातापायांत मुरलेले कौशल्य यांच्या वाटा वेगळ्या आहेत. दुपारची भाजी ही पहिल्या प्रकारची आठवण. कोणत्या झाडाची साल कशावर उपयोगी, हे ज्ञान दुसऱ्या प्रकारचे. टोपली विणण्याची बोटांची चाल तिसऱ्या प्रकारची. वृद्धापकाळाचा पहिला घाव पहिल्या प्रकारावर पडतो. शब्दांचे भांडार साठी-सत्तरीपर्यंत बहुधा शाबूत राहते आणि हातातले कौशल्य तर त्याहूनही चिवट असते. 'बुद्धी नाठी' म्हणणारा माणूस पहिल्या घरात डोकावतो आणि उरलेली दोन घरे न पाहताच निवाडा देतो.

आठवण घडते कशी?

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि प्रत्येक पेशी इतर हजारो पेशींशी जोडलेली असते. एखादा अनुभव येतो तेव्हा पेशींचा एक समूह एकाच वेळी जागा होतो. तो समूह पुन्हा पुन्हा एकत्र जागा झाला, की त्या पेशींमधील सांधे बळकट होतात. रानात एकदा चाललेल्या पावलांचा माग पावसाने पुसतो. रोज चालले की पायवाट पडते. तसेच हे आहे. एरिक कँडल या शास्त्रज्ञाने समुद्रातील एका गोगलगायीच्या चेतापेशींवर प्रयोग करून हे सांधे शिकण्याने कसे बदलतात हे दाखविले आणि २००० साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या प्रक्रियेत तीन पायऱ्या आहेत. पहिली अवधानाची. ज्याकडे लक्षच दिले नाही, त्याची आठवण बनत नाही. चष्मा कोठे ठेवला हे विसरणारा माणूस पुष्कळदा विसरलेला नसतोच. ठेवताना त्याचे मन तेथे नव्हते. दुसरी पायरी मुरण्याची. हिप्पोकॅम्पस दिवसभराचे अनुभव तात्पुरते एकत्र बांधून ठेवतो आणि गाढ झोपेत त्यांची उजळणी होऊन ते हळूहळू मेंदूच्या बाह्यस्तरात पसरून स्थिरावतात. तिसरी पायरी आठवून बाहेर काढण्याची. ठेवलेली वस्तू घरात असूनही सापडत नाही, तशी मुरलेली आठवणही वेळेवर हाती लागत नाही.

येथे एक मर्म ध्यानात घ्यावे लागते. पेटीत ठेवलेले कागद जसेच्या तसे बाहेर निघतात, तशी आठवण बाहेर निघत नाही. आठवताना ती काही अंशी नव्याने जुळवली जाते आणि परत मुरताना तिच्यात नवे धागे मिसळू शकतात. म्हणून वारंवार सांगितलेली हकीकत घट्ट होते, पण सांगणाऱ्याच्या नकळत थोडी बदलतेही. वृद्धांच्या आठवणी टिपणाऱ्याने एकाच प्रसंगाविषयी दोघातिघांना वेगवेगळे विचारावे, ते यासाठीच. त्यात अविश्वास नाही. स्मृतीच्या स्वभावाची जाण आहे.

पाठांतराचे शास्त्र

१८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने स्वतःवरच प्रयोग करून एक हिशेब मांडला. निरर्थक अक्षरे पाठ केली, तर तासाभरात त्यांतील निम्म्याहून अधिक निसटून जातात. पुढे गळती मंदावते. ठरावीक अंतराने उजळणी केली, की दरवेळी गळती कमी होते. युरोपात हे नवे संशोधन म्हणून मांडले जात होते, तेव्हा भारतातील वेदपाठशाळांत याच तत्त्वावर शतकानुशतके अध्यापन चालत आले होते. पदपाठ, क्रम, जटा, घन अशा पद्धतींनी मंत्रांतील पदे पुढून, मागून, जोडीने आणि त्रिकुटांनी म्हटली जातात. घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले आणि पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे असा क्रम असतो. एखादे पद चुकले किंवा गळले, तर पुढची रचनाच अडखळते. चूक शोधून काढणारी ही व्यवस्था लेखणीवाचून उभी राहिली. वैदिक पठणाच्या या परंपरेला २००३ साली युनेस्कोने मानवतेचा अमूल्य मौखिक वारसा म्हणून गौरविले.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यजुर्वेद कंठस्थ असलेल्या २१ पंडितांच्या मेंदूंची छायाचित्रे घेऊन तेवढ्याच इतर व्यक्तींशी त्यांची तुलना करण्यात आली. पंडितांच्या मेंदूत भाषा आणि स्मृती यांच्याशी निगडित अनेक भागांत करड्या द्रव्याचे प्रमाण अधिक आढळले. उजव्या हिप्पोकॅम्पसचाही त्यांत समावेश होता. एवढ्यावरून पाठांतर केल्याने म्हातारपणी स्मृतिभ्रंश होत नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. अभ्यास लहान होता आणि त्याने तो प्रश्न तपासलाही नव्हता. दीर्घ आणि शिस्तबद्ध उजळणी करणाऱ्यांचा मेंदू निराळा दिसतो, इतके मात्र त्यातून खात्रीने म्हणता येते.

सातपुड्याचे मौखिक धन

वेदपाठशाळेत जे घडले, त्याचेच दुसरे रूप सातपुड्याच्या डोंगरांत पाहायला मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आहे आणि तिच्यात जनजातीय बांधवांचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा समाजांच्या बोलींना लेखनाची परंपरा अलीकडची. तरीही देवतांच्या कथा, कुळांची नाती, पेरणीची सुगावचिन्हे, रोडालीची गीते आणि पावरांच्या इंदल उत्सवात रात्रभर चालणारे गायन हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. शेजारच्या गुजरातेत खेडब्रह्मा परिसरातील डुंगरी भिल्लांच्या मुखातून महाभारताची स्वतंत्र परंपरा भगवानदास पटेल यांनी टिपून घेतली आणि 'भीलोनुं भारथ' या नावाने ती ग्रंथरूप झाली. तोवर ती केवळ गायकांच्या स्मरणात होती.

हे कसे साधले? चाल, ताल, पावलांची लय, ठरलेली जागा आणि ठरलेला ऋतू या पाच गोष्टींनी आठवण बांधलेली असते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीला रात्रभर ढोलाच्या तालावर मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधलेले नर्तक फेर धरतात. पहाटे होळी पेटते. त्या रात्री म्हटलेले गीत पुढच्या होळीला ढोलाचा पहिला ठोका पडताच आपोआप ओठांवर येते. मानसशास्त्रातही हेच आढळते, की ज्या परिसरात एखादी गोष्ट शिकली, त्या परिसरात ती अधिक सहज आठवते.

तळोदे तालुक्यातील मोरवड येथे संत गुलाम महाराजांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात 'आप' संबोधनाने परस्परांना मान देणारा जो पंथ उभा केला, त्याचाही प्रसार याच मार्गाने झाला. अक्षरओळख नसलेल्या हजारो लोकांपर्यंत व्यसनमुक्तीचा आणि सदाचाराचा उपदेश सामुदायिक आरतीतून पोहोचला. १९३८ साली महाराजांचे देहावसान झाले, तरी आरती थांबली नाही. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे नेले. लोक एकत्र येत, एकाच सुरात म्हणत आणि पुढच्या वेळी पुन्हा म्हणत. ही उजळणीच होती.

या जिल्ह्याला आणखी एक देणगी आहे. धडगावच्या बाजारात बसलेली एखादी वृद्धा घरी पावरी बोलते, व्यापाऱ्याशी अहिराणी किंवा गुजराती, कचेरीत मराठी आणि प्रवासात हिंदी. ती शाळेत गेलेली नसते, म्हणून समाज तिला अडाणी म्हणतो. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे त्यांना आढळले आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला. भाषा बदलताना मेंदूला एक दार लावून दुसरे उघडावे लागते. तो व्यायाम त्याच्या पदरी शिल्लक टाकत असावा, असे यामागचे अनुमान आहे. घरची बोली मुलांच्या तोंडून जाऊ देणाऱ्या कुटुंबाने याचा विचार करावा.

वयोमानाने काय मंदावते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निरोगी वार्धक्यातही स्मृती का क्षीण होते? पूर्वी समजत असत तशा चेतापेशी सरसकट मरत नाहीत. मुख्य ऱ्हास पेशींमधील सांध्यांचा आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंचा असतो. उतारवयात हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण एक टक्क्याच्या आसपास आकसतो. कपाळामागील भाग, जो अवधान टिकवतो आणि आठवण शोधण्याचे काम पाहतो, तोही कमजोर होतो. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या ताठर होतात. गाढ झोप कमी होते, त्यामुळे दिवसाचे अनुभव मुरण्याची संधी घटते. ऐकू कमी येते, दृष्टी अधू होते. मग जे नीट आतच आले नाही, ते आठवणार कोठून?

याचा परिणाम असा, की नवे नाव मुखाशी येऊन अडते, एका वेळी दोन कामे केली तर एक निसटते, उत्तर द्यायला वेळ लागतो. पण थोडी खूण दिली, पहिले अक्षर सुचविले, की वृद्ध माणूस चटकन ओळखतो. आठवण तेथे असते. तिच्यापर्यंत जाण्याची वाट लांबलेली असते. जुन्या आठवणी टिकतात, कारण त्या असंख्य वेळा उजळल्या गेल्या आहेत आणि बाह्यस्तरात दूरवर पसरल्या आहेत. शिवाय साधारण दहा ते तीस या वयातील प्रसंग माणसाला उत्तरायुष्यात सर्वाधिक आठवतात. पहिली पेरणी, लग्न, पहिले मूल, सारे त्याच काळातले. दुपारची भाजी विसरून बालपणीचा दिवस आठवणाऱ्या वृद्धाचे कोडे येथे सुटते.

विसरणे आणि आजार

तथापि, सगळे विसरणे वयाच्या माथी मारणे हीसुद्धा चूक होय. १९०६ साली जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी पन्नाशीतच स्मृती आणि भान गमावलेल्या एका महिलेच्या मेंदूत आढळलेल्या विकृत गाठी आणि तंतूंचे वर्णन केले. हा वयाचा स्वाभाविक परिणाम नाही, रोग आहे. भारतात साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख वृद्ध स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने दिला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले.

किल्ली कोठे ठेवली हे विसरणे वयाचे लक्षण असू शकते; किल्ली कशासाठी असते हेच न कळणे आजाराचे. शेजाऱ्याचे नाव न आठवणे एक, आणि रोजच्या शेतावरून परतताना घराची वाट चुकणे दुसरे. एकच प्रश्न तासाभरात दहा वेळा विचारणे, स्वयंपाकाचा क्रम विसरणे, स्वभाव एकाएकी बदलणे, पैशांचा व्यवहार न उमगणे, यांतील काही सतत दिसले तर वैद्यांना दाखवावे. कारण विस्मरणाची काही कारणे उपचाराने सुधारतात: ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही औषधांचा दुष्परिणाम. 'वय झाले' म्हणून घरी बसवलेल्या एखाद्या आजीला केवळ औषधाच्या काही गोळ्यांची, श्रवणयंत्राची किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची गरज असते.

तपासणीतही सावधगिरी हवी. स्मृतीच्या चाचण्या बहुतांशी शिकलेल्या माणसांसाठी रचलेल्या असतात. आजची तारीख कोणती, वाक्य लिहून दाखवा, शंभरातून सात वजा करत जा! ज्या वृद्धेने आयुष्यात दिनदर्शिका पाहिली नाही, तिला तारीख विचारून काय हाती लागणार? भोंगऱ्या बाजार कधी झाला आणि होळीला किती दिवस उरले हे ती अचूक सांगेल. जिल्हा कोणता, या प्रश्नावर एखादा आजोबा 'धुळे' म्हणेल. १ जुलै १९९८ पर्यंत ते उत्तर बरोबरच होते आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग त्याच जिल्ह्यात गेला. जन्मसाल विचारले तर १९७२ च्या दुष्काळात मोठा मुलगा केवढा होता, यावरून ते हिशेब सांगतील. हरियाणातील बल्लभगड परिसरात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी ही चाचणी हिंदीत नव्याने बेतून संशोधन झाले. देहवाली, पावरी आणि मावची बोलणाऱ्या वृद्धांनाही आपल्या बोलीत आणि आपल्या जीवनक्रमानुसार प्रश्न विचारले जावेत, ही अपेक्षा गैर नाही.

कुटुंबाचे आणि समाजाचे काम

या विषयातील नामवंत तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२४ साली असा अंदाज मांडला, की टाळता येण्याजोगी चौदा कारणे दूर केली, तर जगातील जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल. अपुरे शिक्षण, बहिरेपणा, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्याला इजा, बैठे जीवन, नैराश्य, दूषित हवा आणि एकाकीपणा ही त्यांतील काही. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली माता, हेल्मेटवाचून दुचाकी हाकणारा तरुण आणि सांजवेळी दारूच्या गुत्त्यावर वळणारा बाप, यांना ही यादी परकी वाटू नये. मोरवडच्या आरतीने दारू सोडविली, तेव्हा तिने संसार वाचविले हे सर्वांस ठाऊक आहे. तिने किती जणांची स्मृतीही राखली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

यांतील एकाकीपणाचा मुद्दा या जिल्ह्यास विशेष लागू पडतो. दिवाळीच्या सुमारास अनेक पाड्यांवरची तरुण जोडपी ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि बरीचशी होळीला परततात. मागे राहतात वृद्ध आणि काही लहान मुले. बोलायला माणूस नाही, विचारायला कोणी नाही. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. तेथून पुनर्वसित गावांत आलेल्या वृद्धांच्या बाबतीत तर ज्या झऱ्याशी, ज्या झाडाशी, ज्या देवस्थानाशी आठवणी बांधल्या होत्या, तेच जलाशयाखाली गेले. परिसर आठवणीला हात देतो, हे वर आलेच आहे. तो हात सुटलेल्या माणसाला शब्दाचा आधार द्यावा लागतो. नातवाने विचारले, 'आजोबा, आपल्या जुन्या गावात नदी कोणत्या अंगाला होती?' तर ती नदी त्यांच्या मनात पुन्हा वाहू लागते.

म्हणून एक सोपे काम प्रत्येक घराला करता येईल. आठवड्यातील एक सायंकाळ वृद्धांसाठी राखून ठेवावी. दूरदर्शन आणि भ्रमणध्वनी बाजूला असावेत. शेजारी बसावे, त्यांच्याच बोलीत विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. 'आठवत नाही का?' हा प्रश्न टाळावा. त्याने लाज वाटते आणि लाजेने माणूस गप्प होतो. त्याऐवजी खूण द्यावी: 'मोहाची फुले वेचायला तुम्ही कोणाबरोबर जायचा?' तीच हकीकत पुन्हा सांगितली, तर पुन्हा ऐकावी. सांगणाऱ्याच्या मेंदूतील वाट त्याने मळलेली राहते आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूत नवी पडते. शाळांनी आणि आश्रमशाळांनी मुलांना सुट्टीत घरच्या वृद्धाकडून एक गीत, एक वनस्पती आणि एक नातेसंबंध शिकून येण्यास सांगावे. भ्रमणध्वनीवर आवाज मुद्रित होतो. तो जरूर करावा. पण मुद्रित गीत कोणी म्हटलेच नाही, तर ते यंत्रात पडून राहील. मुलाने ते पाठ करावे आणि पुढच्या होळीला म्हणावे.

ज्यांना स्मृतिभ्रंशाचा आजार झालाच आहे, त्यांच्याबाबत अपेक्षा वेगळ्या ठेवाव्या लागतात. तो पूर्ण बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. अशा मातेला मुलाचे नाव आठवणार नाही. परंतु जात्यावरची ओवी सुरू केली, तर ती पुढची ओळ म्हणण्याची शक्यता असते, कारण चालीवर मुरलेले पुष्कळ काळ टिकते. तिच्या चुका दुरुस्त करीत बसण्यापेक्षा तिच्यासोबत म्हणावे. आणि तिची सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला आठवड्यातून काही तास विसावा मिळेल, अशी पाळी भाऊबंदांनी आणि शेजाऱ्यांनी लावून घ्यावी. रात्रंदिवस एकट्याने हा भार वाहणारी व्यक्तीही खचत असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

९ सप्टेंबरला माणिक चौकात फुले वाहिली जातात, शाळकरी मुले रांगेत उभी राहतात. त्यांच्यापैकी कोणीही तो दिवस पाहिलेला नाही, तरी तो त्यांच्या स्मरणात आहे, कारण आठ दशके कोणी ना कोणी त्यांना तो सांगत आले. घरोघरच्या वृद्धांपाशी असे कितीतरी दिवस आहेत, ज्यांचे स्मारक कोठेही नाही. ते सांगण्यास ते उत्सुक आहेत आणि त्यांच्यापाशी वेळ थोडा आहे. आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसून एक प्रश्न विचारावा, एवढीच विनंती.